पंधराशे रुपये येतात, मग रोजानं कशाला जायचं?

वाचक ताईंचं पत्र:

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते. वय २७. दोन लेकी आहेत. मोठी २०२१ ची, अंगणवाडीत जाते. धाकटी सात महिन्यांची. मालक वाळूजला बांधकामावर बिगारी आहेत, महिन्याकाठी एकदा गावाकडं येतात. सासऱ्यांच्या नावावर दीड एकर कोरडवाहू आहे. मी रोजानं जाते, सध्या कापसाची वेचणी चालू आहे. लाडक्या बहिणीचे दीड हजार मला येतात आणि त्यावरून घरात रोज बोलणं होतं. सासूबाई म्हणतात, सरकार घरबसल्या देतंय तर लेकरू टाकून रानात कशाला जातीस. गावातले कास्तकार म्हणतात, या पैशानं बाया आळशी झाल्या. मालक म्हणतात, पैसे माझ्याकडं दे, हप्ता भरू. धाकटीच्या बाळंतपणाचे पैसे आले नाहीत, लेक लाडकीचा फॉर्मही भरायचा राहिला. मी काम सोडावं का? लेकरांसाठी काय चांगलं?

उत्तर:

ताई, काम सोडावं की नाही यावर सविस्तर बोलू. पण आधी तारखेचं बघा, कारण ती गेली की परत येत नाही.

दुसरं अपत्य मुलगी असेल तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून आईला ६,००० रुपये एकरकमी मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनचा हा नियम आहे. मात्र बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज व्हावा लागतो, म्हणजे नऊ महिने पुरे व्हायच्या आधी. तुमची धाकटी सात महिन्यांची आहे. वेचणी उरकू द्या म्हणाल तर मुदत हातची जाईल. एक दिवस वेचणी बुडवा आणि आशाताईंकडं किंवा अंगणवाडीताईंकडं जा. जाताना तुमचं आधार, पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड आणि लेकीचा जन्मदाखला न्या. पात्रतेचा एक पुरावाही लागतो: अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोहयोचं जॉबकार्ड किंवा ८ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. यातलं कुठलंही एक पुरतं, चारही गोळा करत बसू नका.

निघण्याआधी माता-बाल कार्ड उघडून लसींचं पान बघा. बीसीजी, पोलिओ आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलेंट यांच्यापुढं तारखा लिहिलेल्या असायला हव्यात. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा इथंच. लस दिलेली असते, पण कार्डावर किंवा पोर्टलवर चढवलेली नसते. एखादी खरंच चुकली असेल तर पुढच्या लसीकरण सत्रात घ्या आणि लगेच नोंदवून घ्या. दुसरी नेहमीची अडचण नावाची. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असेल तर अर्ज परत येतो. तसं असेल तर आधी दोन्हीकडची नावं एक करून घ्या.

कुठल्या खात्यात पैसे येतील, याचा घोळ बायांच्या मनात कायम असतो. सरकारी मदत पासबुकाच्या नंबरावर जात नाही. तुमच्या आधारला सरकारी पैशासाठी जे खातं शेवटचं जोडलं गेलं, त्या खात्यात जाते. बँकेत याला सीडिंग म्हणतात. लाडकी बहीणचे पैसे तुम्हाला येतात, म्हणजे तुमचं सीडिंग चालू आहे. मातृ वंदनेचे पैसे त्याच खात्यात पडतील, अर्जाला दुसरं पासबुक जोडलं तरीही. म्हणून मध्येच कुणाच्या सांगण्यावरून नवं खातं उघडून त्याला आधार जोडू नका. पैसे तिकडं वळतात आणि बाई जुन्या खात्यावर वाट बघत राहते.

आता लेक लाडकी, म्हणजे मुलींसाठीची राज्य सरकारची योजना. मोठीचा जन्म १ एप्रिल २०२३ च्या आधीचा, म्हणून ती यात बसत नाही. धाकटी बसते, पण एका अटीवर. पहिलं अपत्य त्या तारखेआधीचं असेल तर दुसऱ्या मुलीला लाभ देताना आई किंवा वडील यांपैकी एकाची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असावी लागते. कार्ड पिवळं किंवा केशरी असावं आणि वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत. मिळतं असं: जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १ लाख १ हजार. अर्ज अंगणवाडीताईंकडं द्यायचा, त्याला पैसे पडत नाहीत.

शस्त्रक्रियेबद्दल स्पष्ट बोलतो. पहिल्या पाच हजारांसाठी घाईनं टेबलावर जाऊ नका. दोन लेकींवर थांबायचं हे तुमचं दोघांचं आधीच ठरलं असेल तरच हा विचार करा. आणि नियमात ‘माता किंवा पिता’ आहे हे मालकांना दाखवा. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. त्यानंतर तीन महिने मात्र दुसरं साधन वापरायचं आणि तपासणी करूनच ते बंद करायचं.

उत्पन्नाचं गणित खरं मांडा. बिगाऱ्याचा रोज आणि तुमची मजुरी मिळून लाखाच्या वर जात असेल तर तलाठ्याकडून कमी आकडा लिहून आणायचा सल्ला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. मालकांच्या बांधकाम नोंदणीत एक आकडा आणि तुमच्या दाखल्यात दुसरा, असं पडताळणीत निघालं तर चालू असलेले पैसेही थांबतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वेचणीचा दर किलोला १० रुपये आणि दिवसाची वेचणी ३५ किलो धरू. दिवसाचे ३५० झाले, म्हणजे दीड हजार ही चार-साडेचार दिवसांची मजुरी. चार दिवसांच्या मजुरीसाठी कुणी महिन्याचं काम सोडत नाही. तरीही कास्तकारांना बाया मिळत नाहीत, हे खोटं नाही. हाताशी थोडे पैसे असले की बाई अगदी पडेल दरानं जात नाही आणि लेकराला ताप असताना जात नाही. याला आळस म्हणायचं कारण नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सहा गरीब देशांतल्या रोख मदतीचे प्रयोग एकत्र तपासले. पैसे मिळाल्यामुळं लोकांनी काम कमी केलं, असं त्यांना दिसलं नाही. पोलंडमध्ये मात्र २०१६ पासून दुसऱ्या लेकरापासून पुढं, आणि गरीब घरात पहिल्यापासूनच, लेकरामागं महिन्याला मोठी रक्कम मिळू लागली तेव्हा काही आया नोकरीतून मागं सरल्या. तिथली रक्कम घर चालायला हातभार लागेल एवढी होती, तुमचे दीड हजार तसे नाहीत.

उलट बाजूचं उदाहरण कॅनडातल्या क्विबेकचं आहे. तिथल्या सरकारनं १९९७ पासून दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर दिलं आणि आयांचं कामावर जाणं वाढलं. आम्हाला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की आई कामावर जाईल की नाही, हे पैशापेक्षा लेकरू कोण सांभाळतं यावर ठरतं. तुमच्या घरातलं भांडण दीड हजारांवरून दिसत असलं तरी खरा प्रश्न धाकटीला दिवसभर कोण बघणार हाच आहे. सासूबाईंच्या बोलण्याचा राग धरू नका. सात महिन्यांचं लेकरू दिवसभर सांभाळणं त्या वयात सोपं नाही, आणि ते त्यांना सरळ म्हणता येत नसेल.

म्हणून आमचं मत असं: काम पूर्ण सोडू नका, पण या हंगामात अर्धं करा. वेचणी वजनावर असते, खुरपणीसारखी दिवसावर नाही. सकाळी लवकर जाऊन दुपारी घरी आलात तरी जेवढं वेचलं तेवढे पैसे मिळतात. निघताना पाजा, परत आल्याबरोबर पाजा, रात्री मागेल तेव्हा पाजा. कापसावर फवारणी होते, म्हणून लुगडं बदलून, हात-छाती साबणानं धुऊनच लेकराला जवळ घ्या. आणि तान्हं लेकरू वेचणीच्या रानात नेऊन बांधावर झोळीत टाकू नका, नुकती फवारणी झालेल्या रानात तर मुळीच नको.

शेजारच्या आणखी तीन बायांची लहान लेकरं असतील तर चौघींनी मिळून एक घरी राहणारी बाई ठरवा. प्रत्येकीनं दिवसाला ५० रुपये दिले तर तिला २०० होतात. दोन वर्षांखालची तीनपेक्षा जास्त लेकरं एकीवर टाकू नका. मोठ्या पोरी अंगणवाडी सुटल्यावर तिथंच येतील. जागा अशी बघा जिथं चूल, हौद आणि फवारणीचे डबे हाताशी नसतील. महिन्यात १८ दिवस वेचणी धरली तर तुमचे ९०० रुपये यात जातात, पण मजुरी टिकते आणि सासूबाईंचा भार उतरतो. दीड हजारांचा यापेक्षा चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही. शिवाय केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ नावाची योजना आहे. तिच्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात. गावातल्या १०-१५ आयांच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं द्या. लगेच होईल असं नाही, पण मागणीच गेली नाही तर गावाचं नाव यादीत येण्याचा प्रश्नच नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानंही कामावर पाच किंवा जास्त लहान लेकरं आली तर त्यांना बघायला एक बाई नेमून तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची तरतूद केली होती. बायांनी मागितलं नाही म्हणून बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली.

आता लेकरांच्या पोटाचं. पैसा आला म्हणून लेकरू आपोआप बाळसं धरत नाही. बांगलादेशात खेड्यातल्या गरीब आयांवर मोठा अभ्यास झाला. नुसते पैसे मिळालेल्या घरांत फरक थोडा होता. पैशासोबत लेकराला काय, किती, कसं भरवायचं हे शिकवलं, तिथं लेकरांची वाढ खुंटणं ठळकपणे कमी झालं. सात-आठ महिन्यांच्या लेकराला अंगावरच्या दुधाशिवाय दिवसातून दोन-तीन वेळा घट्ट खाणं हवं. दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत न्या. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा, आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. घट्ट म्हणजे चमचा वाकडा केला तरी लगेच ओघळणार नाही इतकं. वरणाचं नुसतं पाणी, भाताची पेज किंवा चहात बुडवलेलं बिस्कीट यानं पोट भरल्यासारखं होतं, अंगी काही लागत नाही. सांभाळणाऱ्या बाईला हे आधीच सांगून ठेवा, कारण रडणारं लेकरू गप्प करायला बिस्कीटच सगळ्यात आधी हाती येतं. मऊ भात आणि घट्ट वरण, किंवा ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. उकडलेलं अंडं कुस्करून थोडं थोडं. दाण्याचा बारीक कूट चालतो, अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. एक अंडं सात रुपयांना धरलं तर मोठीला रोज एक, म्हणजे महिन्याला २१० रुपये. दीड हजारातले हे पहिले बाजूला काढा.

अंगणवाडीचा घरी न्यायचा आहार धाकटीचा हक्काचा आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला त्यातून रोज ठराविक कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. तिला पाजता म्हणून तुम्हालाही वेगळा आहार आहे. ते पाकीट घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटलं जाऊ नये. वाटपाच्या वेळी आता मोबाइलवर चेहरा पडताळतात, त्यामुळं सासूबाईंना पाठवून काम होईलच असं नाही. तारीख आधी विचारून घ्या. त्याच दिवशी धाकटीचं वजन करा आणि दंडाचा घेर मोजायला सांगा. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर घरचे उपाय न करता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेलाची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस राहू देऊ नका.

मालकांना पैसे द्यावेत का? हप्ता खरा असेल तर तो भरावा लागेलच. पण हप्ता मजुरीतून जावा. वेचणी संपल्यावर फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत कोरडवाहू भागात बाईला काम मिळत नाही. त्या महिन्यांत घरात येणारी ठराविक रक्कम हीच एक असते आणि लेकरांचं अंडं-डाळ तेव्हाच आधी बंद होतं. शिवाय हे पैसे दर महिन्याला एकाच तारखेला येत नाहीत. त्यांच्या भरवशावर हप्ता बांधला आणि ते लांबले तर दंड आणि वर नवं कर्ज.

खातं तुमच्या नावावर आहे, पण एटीएम आणि मोबाइल नंबर कुणाचा आहे हे बघा. नंबर मालकांचा असेल तर बँकेत जाऊन तुमचा लावून घ्या. मध्य प्रदेशात बायांची रोहयोची मजुरी त्यांच्या स्वतःच्या खात्यात टाकून खातं वापरायला शिकवलं, तेव्हा त्या बाया पुढं जास्त कामाला जाऊ लागल्या, रोहयोवर आणि बाहेरही. हे मालकांना सांगा: तुमच्या हातात पैसा राहिला तर घरात कमी नाही, जास्त येतं. बँक मित्राकडं अंगठा लावून पैसे काढताना पावती घ्या. ‘सर्व्हर गेला, परत अंगठा द्या’ म्हटलं तर आधी मोबाइलवर पैसे कटल्याचा मेसेज बघा, मगच दुसऱ्यांदा अंगठा ठेवा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नवऱ्याच्या आधारवर आलेला ओटीपीही लागतो. मालक वाळूजला, सिम बदललेलं, आधारला जुना नंबर. यामुळं कितीतरी जणींचं अडलं. ते गावी येतील तेव्हाच त्यांच्या आधारचा नंबर नीट करून घ्या. कुणी मोबाइलवर पाठवलेल्या लिंकवर आधार नंबर टाकू नका.

मालकांसाठीही एक काम आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. ठेकेदाराचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र लागतं. ठेकेदार टाळाटाळ करतात, म्हणून काम चालू असतानाच ते मागावं, हिशेब झाल्यावर नव्हे. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. ती चालू राहिली तर मोठी पहिलीत गेल्यावर तिला सातवीपर्यंत वर्षाला २,५०० रुपये आणि आठवी ते दहावी ५,००० मिळतात. हजेरी मात्र ७५ टक्के हवी. पुढं कधी तुम्ही सगळे वाळूजला राहायला गेलात तर रेशन तिथल्या कुठल्याही दुकानात अंगठ्यावर मिळतं आणि अंगणवाडीचं नाव तिकडं वळवून घेता येतं.

रेशनकार्डावर धाकटीचं नाव चढवलं का? प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य आहे. आणि तुमचं कार्ड केशरी असून धान्य येत नसेल तर मराठवाड्यातल्या सातबाराधारक शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी महिन्याला १७० रुपये खात्यात देण्याची योजना आहे. सासऱ्यांच्या दीड एकराचा सातबारा त्यासाठी उपयोगी पडेल. तहसीलच्या पुरवठा विभागात विचारा.

कुठलाही अर्ज दिला की दोन प्रती करा. एका प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या आणि ती माता-बाल कार्डाच्याच पिशवीत ठेवा. मातृ वंदनेच्या अर्जावर तर ती तारीख २७० दिवसांच्या आतली असल्याचा तुमच्याकडचा पुरावा तोच असेल.